पाणी आहे, दारं कोण धरणार?

दहावीतला मुलगा मोटारसायकलचा कार्ब्युरेटर खोलून बसला की दोन तास मान वर करत नाही. तोच बीजगणिताची वही उघडतो आणि पाचव्या मिनिटाला पाणी प्यायला उठतो. उत्तरपत्रिकेत अवघड गणिताची रीत बरोबर, पण मधेच वजाचं चिन्ह गायब. घरात सगळे म्हणतात, "डोकं आहे, पण वापरत नाही." मानसोपचारतज्ज्ञ तपासून सांगतात, एडीएचडी, म्हणजे लक्ष आणि आवेग आवरण्यातली अडचण. त्यावर पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मग गाडी खोलताना बरं लक्ष लागतं?"

प्रश्न रास्त आहे, आणि सगळं नवल त्याच्या उत्तरात आहे. या मुलांकडे लक्ष कमी नसतं. ते कुठे वळवायचं हे ठरवणारी यंत्रणा कच्ची असते. कोपरगावच्या शेतकऱ्याला हे वेगळं समजवायला नको. नांदूर मधमेश्वरहून गोदावरीच्या कालव्यांना आवर्तन सुटतं, चारीला पाणी येतं. पण दारं धरायला कोणी नसेल तर उताराचं वावर तुडुंब भरतं आणि उंचावरचा ऊस कोरडा राहतो. मेंदूत दारं धरण्याचं काम कपाळामागच्या भागाकडे, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्सकडे असतं. आवडीच्या कामाकडे लक्ष आपसूक वाहतं; बीजगणित चढावर आहे.

हा भाग कच्चा का राहतो? अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी एडीएचडी असलेल्या 223 आणि नसलेल्या 223 मुलांच्या मेंदूच्या बाह्य थराची जाडी मोजली. वयाबरोबर ही जाडी वाढत जाऊन एका टप्प्यावर कमाल होते आणि मग कमी होऊ लागते. 2007 मध्ये निष्कर्ष छापून आले. इतर मुलांनी हा टप्पा सरासरी साडेसातव्या वर्षी गाठला होता, एडीएचडीच्या मुलांनी साडेदहाव्या. वाढीचा क्रम तोच, फक्त उशीर; आणि सर्वांत जास्त उशीर कपाळामागच्या भागात. त्याहून थक्क करणारी गोष्ट म्हणजे, हातपाय हलवणारा भाग या मुलांत उलट थोडा आधीच पक्का झाला होता! चालवणारी यंत्रणा तयार, थांबवणारी अजून घडतेय. एका जागी न बसणाऱ्या पोराला "मुद्दाम करतो" म्हणण्याआधी एवढं आठवावं.

औषधाची गोष्टही अशीच चकित करणारी. 1937 मध्ये ऱ्होड आयलंडच्या चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरांनी 30 मुलांना बेन्झेड्रिन हे उत्तेजक दिलं. मुलं आणखी उधळायला हवी होती. त्याऐवजी जवळपास निम्म्या मुलांची अभ्यासातली प्रगती डोळ्यांत भरली. मुलं त्यांना 'गणिताच्या गोळ्या' म्हणू लागली. आज वापरात असलेलं मिथाइलफेनिडेट डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन ही रसायनं मेंदूत जास्त वेळ टिकवतं, त्यामुळे आवरणारी यंत्रणाच जोर धरते. आपल्याकडे या औषधावर अमली पदार्थविषयक कायद्याचं नियंत्रण आहे. ते द्यायचं की नाही, किती आणि कधीपर्यंत, हे डॉक्टरच ठरवतात. प्रत्येक मुलाला ते लागतंच असं नाही.

गोळी असो वा नसो, घरचं काम उरतंच. आतून दारं धरणारा उशिरा येणार असेल, तर तोवर ती बाहेरून धरावी लागतात. "अभ्यासाला बस" ही सूचना या मुलाला पुरत नाही. "ही तीन उदाहरणं, वीस मिनिटांत" ही पुरते. वेळ किती गेला याचा अंदाज त्याला येत नाही, म्हणून काट्यांचं घड्याळ समोर हवं. आई किंवा वडील शेजारी आपलं काम घेऊन नुसते बसले, तरी फरक पडतो. शाबासकी लगेच हवी. निकालानंतरच्या सायकलचं आमिष फार लांबचं. खेळ आणि झोप कापून शिकवणीचा तास वाढवू नये. आणि लायसन्स नसताना नगर-मनमाड रस्त्यावर गाडी न्यायला देणं कुणाच्याच मुलाला धोक्याचं. आवेग न आवरणाऱ्याला आणखी जास्त.

हे सगळं त्याला विचारून ठरवावं. पंधरा वर्षांच्या मुलावर लादलेलं वेळापत्रक आठवडाभरही टिकत नाही. वडील कधी सहज म्हणून जातात, "मीही असाच होतो." ते बहुधा खरंच असतं: जुळ्यांच्या अभ्यासांनुसार एडीएचडीतला सुमारे तीन चतुर्थांश फरक आनुवंशिक असतो. तेव्हा संस्कार कमी पडले म्हणून आईला बोल लावण्यात अर्थ नाही. वर्गात गप्प बसून खिडकीबाहेर हरवणाऱ्या मुलीकडेही लक्ष असू द्या; दंगा करत नसल्यामुळे तिचं निदान राहून जातं.

वयानुसार बऱ्याच जणांची चुळबूळ कमी होते, पण कित्येकांना विसराळूपणा मोठेपणीही पुरतो. म्हणून वाट पाहण्यापेक्षा मदत घेतलेली बरी. कोपरगावहून लोणीचं प्रवरा रुग्णालय फार दूर नाही. तिथवर जायचं की नाही हेच ठरत नसेल, तर सरकारच्या टेलि-मानस सेवेला 14416 वर फोन लावा. तो मोफत आहे, रात्रंदिवस चालू असतो आणि पलीकडचा माणूस मराठीत बोलतो.