क्वार्टरबॅक जायबंदी झाला, आता पुढे कोण? क्लीव्हलँडच्या दोन मोसमांची गोष्ट

गोव्यात किंवा बेळगावात फुटबॉल म्हटलं की पायानं खेळायचा चेंडू. अमेरिकेत मात्र याच नावाचा खेळ बहुतेक वेळ हातानं खेळतात. तिकडे शिकायला, नोकरीला गेलेली आपली मुलं-भाचरं वर्षा-दोन वर्षांत त्याच्या नादाला लागतात आणि फेब्रुवारीतल्या एका सोमवारी, आपल्याकडे पहाटेचे पाच वाजलेले असताना, घरच्या ग्रुपवर सुपर बोलचे मेसेज येऊन पडतात. त्यांच्या गप्पा ऐकताना एक गोष्ट चमत्कारिक वाटते. जो खेळाडू मैदानात उतरतच नाही, नुसता टोपी घालून बाजूला उभा असतो, त्याच्यावरून ही मंडळी तासन्‌तास भांडतात. तो म्हणजे बॅकअप क्वार्टरबॅक, राखीव क्वार्टरबॅक. हा माणूस निवडायचा कसा, आणि ते इतकं अवघड का, हे कळायला ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँड ब्राउन्स या संघाइतकं चांगलं उदाहरण शोधून सापडायचं नाही.

आधी क्वार्टरबॅक म्हणजे कोण ते पाहू. या खेळात प्रत्येक चाल काही सेकंदांची असते, मग खेळ थांबतो, मग पुढची चाल. मधल्या वेळात प्रशिक्षक क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमधल्या रेडिओवर चाल सांगतो. घड्याळात १५ सेकंद उरले की तो आवाज आपोआप बंद होतो. आपल्या नाटकात विंगेतून प्रॉम्प्टर वाक्य सुचवायचा, तसंच हे. फक्त पडदा वर जायच्या क्षणी प्रॉम्प्टरचं तोंड बांधलेलं. तिथून पुढे सगळं क्वार्टरबॅकच्या डोक्यावर. समोरचे अकरा जण कसे उभे आहेत ते ओळखायचं, वाटलं तर चाल बदलायची, साथीदारांना ओरडून सांगायचं आणि चेंडू हातात आला की साधारण तीन सेकंदांत कुणाकडे फेकायचा ते ठरवायचं. तेवढ्यात सव्वाशे किलोचे गडी अंगावर येत असतात.

आता खरी अडचण. मोसमात आठवड्याला एक सामना असतो आणि त्याच्या तयारीला मोजके दिवस. सरावातल्या जवळजवळ सगळ्या चाली पहिल्या क्वार्टरबॅकच्या वाट्याला जातात, कारण रविवारी खेळायचं त्यालाच असतं. राखीव क्वार्टरबॅक बहुतेक वेळ पुढच्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल करतो, म्हणजे आपल्याच बचावफळीला सराव मिळावा म्हणून समोरच्या संघाच्या चाली खेळतो. स्वतःच्या संघाच्या चाली तो वहीत वाचतो, व्हिडिओवर बघतो. आणि एक दिवस पहिला माणूस लंगडत बाहेर येतो. मग याला सांगतात, जा.

त्यामुळे ‘आपल्याकडचा दुसऱ्या क्रमांकाचा चांगला फेकणारा कोण’ हा प्रश्न अर्धवट आहे. पूर्ण प्रश्न असा: सराव न मिळता कोण खेळू शकेल, आणि किती दिवस?

ऑगस्ट २०२३ मध्ये क्लीव्हलँडसमोर हाच प्रश्न होता. पहिला क्वार्टरबॅक डिशॉन वॉटसन. त्याच्याशी संघानं २०२२ मध्ये पाच वर्षांचा, २३ कोटी डॉलरचा करार केला होता आणि त्यातला प्रत्येक डॉलर हमीचा होता. तुलनेसाठी, २०२३ साली एका संघाला सगळ्या खेळाडूंच्या पगारावर मिळून खर्च करता येणारी कमाल रक्कम होती २२ कोटी ४८ लाख डॉलर. पहिल्या क्वार्टरबॅकमध्ये इतका पैसा गुंतला की दुसऱ्यावर खर्च करताना हात आखडतो. बहुतेक संघांचं हेच होतं. विमा हवा असतो, पण हप्ता परवडत नाही.

दुसऱ्या जागेसाठी दोन नावं होती. एक जोशुआ डॉब्स: अनुभवी, आधीच्या वर्षीही याच संघात राहून गेलेला, विद्यापीठात एरोस्पेस अभियांत्रिकी शिकलेला. दुसरा डोरियन थॉम्पसन-रॉबिन्सन, त्याच वर्षी ड्राफ्टच्या पाचव्या फेरीत घेतलेला नवखा. मोसमापूर्वीच्या सराव सामन्यांत नवखा चमकला. चाहते खूश. संघानं डॉब्सला ॲरिझोनाकडे पाठवलं आणि त्या बदल्यात पुढच्या ड्राफ्टमधली पाचव्या फेरीची निवड पदरात पाडून घेतली.

माझ्या मते पहिली चूक इथे झाली, आणि ती चूक कुठलाही संघ करू शकला असता. सराव सामन्यांत समोरच्या संघाचे मोठे खेळाडू बहुधा बाहेर बसलेले असतात आणि बचावाचे डावपेच मुद्दाम साधे ठेवलेले असतात, कारण खरे पत्ते कुणी आधी दाखवत नाही. गॅदरिंगमध्ये टाळ्या घेणारा मुलगा व्यावसायिक नाटकाचा प्रयोग ओढून नेईलच असं नाही.

महिनाभरात परीक्षा आली. सप्टेंबरअखेर वॉटसनचा खांदा दुखावला. १ ऑक्टोबरला बाल्टिमोरविरुद्ध तो खेळणार नाही हे नक्की झालं तेच सामन्याच्या दिवशी. थॉम्पसन-रॉबिन्सन उतरला. तीन इंटरसेप्शन, म्हणजे तीनदा चेंडू थेट शत्रूच्या हातात. संघ ३-२८ असा हरला. आठवडाभराची तयारी मिळाली असती तर चित्र वेगळं असतं का? थोडंफार असतंही. पण राखीव खेळाडूला तयारीचा आठवडा मिळेलच असं धरून चालता येत नाही, हाच तर मुद्दा आहे.

पुढच्या सामन्याला प्रशिक्षक केव्हिन स्टेफान्स्की यांनी तिसरंच नाव काढलं. पी. जे. वॉकर, शिकागोनं सोडून दिलेला आणि क्लीव्हलँडच्या प्रॅक्टिस स्क्वॉडमध्ये, म्हणजे मुख्य ५३ जणांच्या बाहेर, ठेवलेला. समोर तोवर एकही सामना न हरलेला सॅन फ्रान्सिस्को. वॉकरनं एकही टचडाउन फेकला नाही, दोन इंटरसेप्शन दिले, आणि क्लीव्हलँड १९-१७ असं जिंकलं! एक टचडाउन धावून आला, चार फील्ड गोल किकर डस्टिन हॉपकिन्सनं मारले आणि बाकीचं काम बचावफळीनं केलं. त्या मोसमात प्रतिस्पर्ध्यांना सर्वांत कमी यार्ड देणारी बचावफळी क्लीव्हलँडची होती. मायल्स गॅरेट त्या वर्षीचा लीगमधला सर्वोत्तम बचावपटू ठरला.

राखीव क्वार्टरबॅकचं मोल करताना बाकीचा संघही तराजूत घालावा लागतो, तो यासाठी. बचाव भक्कम असेल तर ‘सामना घालवू नकोस’ एवढंच मागणं पुरतं. बचाव कच्चा असेल तर त्याच माणसाकडून २८-३० गुण मागावे लागतात, आणि ते त्याच्यानं होत नाही. याचं जुनं उदाहरण इंडियानापोलिसचं. पेटन मॅनिंग १९९८ पासून तिथे एकही सामना चुकवत नव्हता, सलग २०८ सामने. दुसरा क्वार्टरबॅक कसा आहे हे तपासायची वेळच कधी आली नाही. २०११ मध्ये मानेच्या शस्त्रक्रियेमुळे तो वर्षभर बाहेर बसला. संघानं निवृत्ती जाहीर केलेल्या केरी कॉलिन्सला ऑगस्टमध्ये परत बोलावलं, मग आणखी दोघांना आजमावलं. आधीच्या वर्षी १६ पैकी १० सामने जिंकलेला संघ त्या वर्षी फक्त दोन जिंकला. सगळा संघच एका माणसाच्या मापानं शिवलेला. दुसऱ्या कुणाच्या अंगाला तो बसेना.

परत क्लीव्हलँडला येऊ. नोव्हेंबरच्या मध्यावर वॉटसनच्या खांद्याचं हाड मोडल्याचं निदान झालं आणि त्याचा मोसम संपला. थॉम्पसन-रॉबिन्सननं पुढच्या सामन्यात पिट्सबर्गला १३-१० असं हरवलं खरं, पण त्यानंतरच्या डेन्व्हरच्या सामन्यात त्याच्या डोक्याला मार बसला. तोवर संघानं आणखी एक नाव आणून ठेवलं होतं: जो फ्लॅको. वय ३८. दहा वर्षांपूर्वी बाल्टिमोरला सुपर बोल जिंकून देणारा, पण आता कुठल्याच संघात नसलेला, घरी बसलेला. ‘म्हातारा आणलाय’ असं म्हणून लोक हसले.

पहिला सामना हरला. मग सलग चार जिंकले, आणि चारही सामन्यांत ३०० यार्डांच्या वर पासेस. २८ डिसेंबरला जेट्सना ३७-२० हरवून क्लीव्हलँडनं प्लेऑफ गाठला.

हे नशीब होतं का? थोडं होतं. पण निवडीमागे हिशोबही दिसतो. स्टेफान्स्की ज्या पद्धतीचं आक्रमण खेळवतात, म्हणजे आधी धावण्याची हूल द्यायची आणि मग लांब पास मारायचा, ते मिनेसोटात असताना गॅरी क्युबियॅक यांच्या सोबतीनं घडलं. आणि हेच क्युबियॅक २०१४ मध्ये बाल्टिमोरला फ्लॅकोचे आक्रमण-प्रशिक्षक होते. फ्लॅकोला शब्द नवे असतील, व्याकरण ओळखीचं होतं. धावपळ त्याला जमत नव्हती. पण लांबचा पास मारायला लागणारा हात आणि मार खायची तयारी, दोन्ही शाबूत होतं. प्रशिक्षकांनी त्याला जमेल तेच खेळायला दिलं.

आणि त्याची किंमतही मोजली. पाच सामन्यांत १३ टचडाउन, ८ इंटरसेप्शन. असा खेळाडू घेतला की दोन्ही गोष्टी सोबत येतात. गूळ घ्यायचा आणि मुंगळे नको म्हणायचं, असं होत नाही. जानेवारीत ह्यूस्टनविरुद्धच्या प्लेऑफमध्ये त्याचे लागोपाठ दोन पास अडवून थेट टचडाउनपर्यंत नेले गेले आणि संघ १४-४५ असा बाहेर पडला. त्या मोसमात क्लीव्हलँडकडून पाच वेगवेगळ्या क्वार्टरबॅकनी सामने सुरू केले. त्यांतले चौघं जिंकले. एकूण ११ विजय, ६ पराभव. स्टेफान्स्की वर्षातले सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले, फ्लॅको पुनरागमनाचा मानकरी.

आणि तो ॲरिझोनाला पाठवलेला डॉब्स? त्याचंही ऐकण्यासारखं आहे. ऑक्टोबरच्या शेवटी मिनेसोटाच्या कर्क कझिन्सच्या पायाची शीर तुटली. दोन दिवसांत डॉब्स मिनेसोटात दाखल, आणि आल्यापासून पाचव्या दिवशी अटलांटाविरुद्ध मैदानात, कारण सुरुवात करणारा नवखाही जायबंदी झाला. साथीदारांशी धड ओळख नाही. प्रशिक्षक केव्हिन ओ’कॉनेल रेडिओ बंद होईपर्यंत त्याच्या कानात बोलत राहिले, आणि तो ३१-२८ असा जिंकला. पुढचा सामनाही जिंकला. मग मात्र दोन पराभव, शिकागोविरुद्ध चार इंटरसेप्शन, आणि डिसेंबरच्या मध्याआधीच बाकावर. प्रतिस्पर्ध्यांकडे व्हिडिओ जमा झाला होता. आणीबाणीत एक-दोन सामने काढून देणारा आणि दोन महिने संघ ओढणारा, हे एकच माणूस असतील असं नाही. संघ निवडताना ही गल्लत नेहमी होते, चाहत्यांकडून तर हमखास.

दोन महिने ओढणाऱ्यांची उदाहरणं आहेत. २००८ मध्ये टॉम ब्रेडीचा गुडघा पहिल्याच सामन्यात गेला तेव्हा न्यू इंग्लंडनं मॅट कॅसलला उतरवलं. त्यानं कॉलेजातसुद्धा क्वार्टरबॅक म्हणून एकही सामना सुरू केला नव्हता. पण तीन वर्षं त्याच संघात, तीच वही पाठ करत बसला होता. संघानं त्या वर्षी ११ सामने जिंकले. फिलाडेल्फियाचा निक फोल्स डिसेंबर २०१७ मध्ये कार्सन वेंट्झच्या जागी आला आणि फेब्रुवारीत सुपर बोल जिंकूनच थांबला. त्याचे प्रशिक्षक डग पीडरसन स्वतः उमेदीची बरीच वर्षं राखीव क्वार्टरबॅक होते, आणि फोल्स नवखा असताना त्याला शिकवणारेही तेच. बाकावर बसलेल्याला काय लागतं हे त्यांना वेगळं सांगावं लागलं नसेल.

२०२४ साठी क्लीव्हलँडनं फ्लॅकोला ठेवलं नाही. तो इंडियानापोलिसला गेला. त्याच्या जागी आणला जेमिस विन्स्टन, तोही लांब पास मारणारा, तोही धोका पत्करणारा. फ्लॅकोला सोडल्यावरून तिथले चाहते तेव्हा कुरकुरले. संघाची बाजूही समजण्यासारखी आहे. ज्याच्या नावानं गावात घोषणा होतात तो बाकावर बसलेला असला की पहिल्या क्वार्टरबॅकच्या प्रत्येक चुकीला प्रेक्षक त्याचं नाव घेतात. तरी पाच सामन्यांत दिसलेलं काम सोडून त्याच जातीचा दुसरा माणूस आणायचा, यातून काय साधलं, हे मला पटलेलं नाही.

२० ऑक्टोबर २०२४. सिनसिनाटीविरुद्धच्या सामन्यात वॉटसनच्या टाचेची शीर तुटली. त्या दिवशी दुसऱ्या क्रमांकावर थॉम्पसन-रॉबिन्सन होता आणि विन्स्टन तिसरा, आणीबाणीचा. २०२३ पासूनच्या नियमानुसार असा तिसरा माणूस आधीचे दोघं जायबंदी झाले किंवा बाद ठरले तरच मैदानात येऊ शकतो. जानेवारी २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे दोन्ही क्वार्टरबॅक एकाच मोठ्या सामन्यात जायबंदी झाले आणि चेंडू फेकायला कुणी उरलं नाही, तेव्हापासून हा नियम परत आला. थॉम्पसन-रॉबिन्सन आत गेला, त्याच्या बोटाला लागलं, आणि विन्स्टनला उतरावं लागलं.

पुढच्याच रविवारी विन्स्टननं बाल्टिमोरला २९-२४ हरवलं, ३३४ यार्ड, तीन टचडाउन. डिसेंबरमध्ये डेन्व्हरला त्यानं ४९७ यार्ड पासेस मारले, चार टचडाउन दिले. त्याच सामन्यात तीन इंटरसेप्शन, त्यांतले दोन थेट टचडाउनपर्यंत परत गेले, आणि संघ ३२-४१ असा हरला. मोसम संपला तेव्हा क्लीव्हलँडच्या नावावर तीन विजय होते.