पडद्यावरची अक्षरे

दूरदर्शन हे निरक्षरांचे विद्यापीठ आहे, असे वाक्य आपण शालेय निबंधांतून पुष्कळदा लिहिलेले असते. ज्याला वाचता येत नाही त्यालाही डोळे आणि कान आहेत. चित्र दिसते, शब्द ऐकू येतो; मग ज्ञान त्याच्या दारी यायला अडचण ती कसली, असा त्यामागचा विचार. तो विचार खोटा नाही. किंबहुना आपल्या देशात दूरदर्शन खेड्यात गेले ते याच विचाराने. परंतु आज घरातला पडदा जरा निरखून पाहिला, तर बातम्यांच्या वेळी त्यावर चित्राइतकीच अक्षरेही दिसतात. ही अक्षरे तेथे कशी आली, आणि ती कोणासाठी आहेत, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम इतिहास पाहू. भारतात दूरदर्शनचे पहिले प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत झाले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. या केंद्रांच्या लहरी मनोऱ्यावरून जवळजवळ सरळ रेषेत जातात. पृथ्वीला गोलाई आहे आणि वाटेत डोंगर आहेत, त्यामुळे शहरापासून दूरच्या गावात चित्र पोचत नसे. यावर उपाय होता उपग्रहाचा. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह पृथ्वीच्याच गतीने फिरतो, म्हणून तो आपल्याला एका जागी स्थिर असल्यासारखा असतो. इतक्या उंचावर टांगलेल्या दिव्याला डोंगर आडवा येत नाही. आपल्या घरांवरच्या छत्र्या दक्षिणेच्या अंगाला तोंड करून असतात, त्याचे कारण हेच.

डॉ. विक्रम साराभाई यांनी हा मार्ग खेड्यांसाठी वापरायचे ठरवले. १९६९ मध्ये अमेरिकेच्या 'नासा' संस्थेशी करार झाला. साराभाई १९७१ च्या डिसेंबरात गेले. पण १ ऑगस्ट १९७५ पासून ३१ जुलै १९७६ पर्यंत 'साइट' हा प्रयोग प्रत्यक्षात आला. अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत कार्यक्रम दाखवले गेले. या प्रयोगाच्या व्यवस्थापनाची धुरा डॉ. एकनाथ चिटणीस या मराठी शास्त्रज्ञाकडे होती. गावात एक सार्वजनिक संच, त्याला तारेच्या जाळीची सुमारे तीन मीटर व्यासाची छत्री. जेथे वीज नव्हती तेथे संच बॅटरीवर चालवला. सकाळी शाळेच्या मुलांसाठी दीड तास, संध्याकाळी मोठ्यांसाठी अडीच तास. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन असे विषय असत.

या प्रयोगातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. उपग्रहावरून एका चित्राबरोबर दोन वेगवेगळे आवाज पाठवण्याची सोय होती. म्हणजे चित्र तेच, पण एका गावाला ते एका भाषेत ऐकू येई, दुसऱ्या गावाला दुसऱ्या भाषेत. समोर बसलेल्या माणसाला लिहिता-वाचता येत नाही, त्याची भाषाही वेगळी आहे, हे गृहीत धरूनच यंत्राची मांडणी झाली होती. आपल्या मुंबई केंद्राच्या 'आमची माती, आमची माणसं' या कार्यक्रमाचीही हीच रीत होती. शेतकऱ्याने विचारायचे, जाणकाराने सांगायचे. जे सांगायचे ते बोलून सांगायचे.

पुढे १९८२ साली रंगीत चित्र आले, १९९० नंतर केबल आली, खासगी वाहिन्या आल्या आणि बातम्या चोवीस तास चालू लागल्या. येथून अक्षरांचे राज्य सुरू झाले. त्याचे कारण सोपे आहे. निवेदक एका वेळी एकच गोष्ट बोलू शकतो. पडद्यावर मात्र एकाच वेळी चार गोष्टी लिहिता येतात. शिवाय बातमी बोलून दाखवायची तर निवेदक हवा, वेळ हवा, चित्र हवे. पट्टीवर ती टाकायची तर एका माणसाने टंकलिखित केली की पुरे. संगणक ती अक्षरे चालू चित्रावर चढवतो आणि खालून सरकवत नेतो. वाहिनीला हे स्वस्त पडते, आणि ज्याला वाचता येते त्याची सोयही होते.

पण ज्याला वाचता येत नाही त्याचे काय? २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सात वर्षांवरील स्त्रियांपैकी सुमारे ७६ टक्के साक्षर होत्या. म्हणजे जवळजवळ चौघींत एक स्त्री वाचू शकत नव्हती. त्यांतली एक माझी आई आहे.

आमचे गाव माण तालुक्यात. वडील गवंडीकाम करतात, आई कोरडवाहू शेती पाहते. घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. आईला रोज संध्याकाळी बातम्या लागतात, आणि मी घरी असले की तिचा प्रश्न ठरलेला असतो, "खाली काय पळतंय गं?" रिमोटवरचे आकडे तिला येत नाहीत, दुसऱ्या ओळीतले मधले बटण दोनदा दाबायचे, असे तिने ध्यानात ठेवले आहे. वाहिनीचा क्रमांक बदलला की तिची वाट मोडते. सेट टॉप बॉक्सची सगळी यादी इंग्रजीत.

एका मार्चची गोष्ट. ज्वारीची कणसे खुडून खळ्यावर पडली होती. बातम्यांत दोन पुढारी तावातावाने भांडत होते. आई ते ऐकत होती. खाली पट्टीवर आमच्या जिल्ह्याचे नाव आणि गारपिटीची शक्यता, एवढेच शब्द सरकत गेले. मी वाचून दाखवले म्हणून वडिलांनी आणि भावाने रात्रीच ताडपत्री ओढली. दुसऱ्या दिवशी दुपारी गारा पडल्या. मी त्या आठवड्यात वसतिगृहावर असते, तर? जे भांडण ऐकून आमचे काही अडत नव्हते ते मोठ्या आवाजात ऐकू येत होते, आणि ज्यावर वर्षाची भाकरी अवलंबून होती ते मुक्याने निघून जात होते.

यात दोष यंत्राचा नाही. लिहिलेला मजकूर मराठीत वाचून दाखवणारे आणि बोललेले मराठी ओळखणारे मोबाईल आज साध्या घरांतही आहेत. आई भावाच्या मोबाईलशी बोलून कांद्याचा दर विचारते, तेव्हा तिला कोणाची मनधरणी करावी लागत नाही. पन्नास वर्षांपूर्वी जाळीच्या छत्रीवर जे साधले, ते आज साधणे अवघड नाही. उणीव आहे ती समोर कोण बसले आहे याचा विचार करण्याची.

आपल्यापैकी काहीजण उद्या वृत्तपत्रांत, वाहिन्यांत, वेबपत्रकारितेत जातील. त्यांना माझी एकच विनंती आहे. इशारा असेल, योजनेची मुदत असेल, रोगाची खबर असेल, तर ती लिहा. पण तेवढ्यावर थांबू नका, ती मोठ्याने सांगा. आईला अक्षरे शिकवण्याचे काम मी सुट्टीत हाती घेतले आहे, आणि ती स्वतःचे नाव लिहू लागली आहे. परंतु तिला पट्टी वाचता येईपर्यंत गारा थांबून राहणार नाहीत.