दारूवर दारू

दिवाळीत पोरे दारू उडवतात आणि काही थोर मंडळी ती पितात. आपल्या मराठीने दोघांनाही एकच शब्द दिला. मनुस्मृतीने निषेध करताना का होईना, गौडी, पैष्टी, माध्वी असे तीन प्रकार वेगळे मोजले होते. त्यांतली गौडी म्हणजे गुळाची. आमच्याकडे मात्र सगळे एकाच पिंपात! लहानपणी आमच्या वाड्यातले एक बिऱ्हाड हातभट्टीपायी बसलेले मी पाहिले आहे. हा शब्द कानी पडला की मला अजून त्या घरातली विकली गेलेली तांब्या-पितळेची भांडी आठवतात.

त्यामुळे हिंजवडीचा भाचा जेव्हा म्हणाला, "मामा, जुनी रम आणलीय, चव तरी बघा," तेव्हा मी परवाना खिशात घालूनच गेलो. (1949 चा दारूबंदी कायदा आपल्या राज्यात अजून आहे आणि पिणाऱ्याला परवाना लागतो, हे पुष्कळांच्या गावीही नसते.)

बाटली जमैकाची, बारा वर्षे मुरलेली, शंभरात 57 भाग मद्यार्क. हा आकडा मोठा मजेचा आहे. जुन्या काळी इंग्रज लोक मद्याचा कस बघायला ते बंदुकीच्या दारूवर ओतून पेटवत, अशी हकीकत सांगतात. भिजूनही पेटली तर माल खरा. म्हणजे दारूवर दारूच की! पुढे मोजण्याची उपकरणे आली आणि तो कस 57.15 टक्क्यांवर कायम झाला. आपल्याकडच्या बाटल्यांवर 42.8 असा विचित्र आकडा दिसतो, तो याचाच पाऊण हिस्सा. माझे मेहुणे सैन्यातून निवृत्त झालेले. कँटीनच्या बाटलीवर तो आकडा त्यांनी वर्षानुवर्षे वाचलेला; पण त्यांनाही हे नवे होते.

भाच्याच्या गॅलरीतून संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती दिसतात. त्यांच्यापलीकडे थोड्या अंतरावर कासारसाई-दारुंब्रे येथे संत तुकारामांच्या नावाचा सहकारी साखर कारखाना आहे. (गावाच्या नावावर मी कोटी करणार नाही.) साखर काढून घेतली की उरते ती काळी, दाट मळी. बहुतेक रम तिचीच. आंबवून उकळली की भट्टीतून पाण्यासारखी पांढरी उतरते. रंग आणि सुवास येतो तो ओकच्या लाकडाच्या पिंपातून. लोणच्यासारखी ती मुरावी लागते, आणि मुरताना दरवर्षी थोडी उडून जाते. स्कॉटलंडच्या थंडीत शंभरातले दोनेक भाग जातात. उष्ण मुलखात त्याच्या कितीतरी पट.

भाच्याने पेला उचलून एकदम तोंडाला लावायचा बेत केला होता. दाजींनी त्याचा हात धरला. "अरे, एवढी कडक घाईने घेतलीस तर जीभ बधिर होईल. मग बारा वर्षांचे काय कळणार?" मग त्यांनी रीत सांगितली. पेला नाकापासून जरा दूर, ओठ किंचित उघडे, श्वास हलका. नंतर चार थेंब पाणी, आणि एवढासा घोट. आधी नुसती आग. मग काकवी, जायफळ, अती पिकलेले केळे. जमैकाच्या रमची ओळखच ही केळ्याची. एका पेल्यात आमचा तास गेला.

ताई आतून फराळाचे ताट घेऊन आली. या विषयाशी तिचे जन्माचे वैर. तरी रिकामा पेला उचलताना तिने तो नाकाशी नेला.

"अगं बाई, गुऱ्हाळ!" ती म्हणाली, आणि पेला विसळायला घेऊन गेली.