आधी मुकुट पाहा, मग कड

जुना लष्करी बिल्ला हाती आला की पहिली नजर मुकुटावर टाकावी. १९०१ नंतरच्या ब्रिटिश-भारतीय पलटणींच्या बिल्ल्यांवर ट्यूडर मुकुट असे. त्याच्या कमानी घुमटासारख्या गोल. मधोमध दबलेला सेंट एडवर्ड मुकुट एलिझाबेथ राणी गादीवर आल्यानंतरचा. तोवर भारत प्रजासत्ताक झाला होता आणि मुकुटाची जागा अशोकस्तंभाच्या सिंहांनी घेतली होती. त्यामुळे विसाव्या शतकातला म्हणून विकल्या जाणाऱ्या भारतीय बिल्ल्यावर तो दबका मुकुट दिसला, तर खरेदी थांबवा.

ठशाने उठवलेल्या पत्र्याच्या बिल्ल्याची मागची बाजू समोरच्या नक्षीप्रमाणे खोलगट असते. ओतीव नक्कल खरबरीत, बारीक छिद्रांची आणि मूळ मापापेक्षा किंचित लहान निघते.

पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. नाव खरवडून दुसरे घातले असेल तर ३६ मिलिमीटरचा व्यास मापात उणा भरतो. मजूर तुकड्यांना हेच पदक काशाचे मिळे. ते खोटे समजून टाकून देऊ नका. आणि कृपा करून काहीही पॉलिशने घासू नका, त्यात कडेवरची अक्षरे झिजतात.