लिफ्ट विकत घ्यावी की भाड्याने?

नागपुरातील सिव्हिल लाइन्समध्ये जुन्या बंगल्यांच्या आवारात उंच वृक्ष आहेत. परंतु ट्रकवरील लिफ्ट अरुंद फाटकातून आत शिरत नाही. रबरी पट्ट्यांवर चालणारी बूम लिफ्ट तेथे जाते आणि मऊ मातीवर भार पसरवते. साहजिकच वृक्षछाटणीच्या व्यावसायिकास ती विकत घेण्याचा मोह होतो. मात्र खरा प्रश्न किमतीचा नसून कामाच्या दिवसांचा आहे.

उदाहरणादाखल किंमत ४० लाख रुपये धरू. १० टक्क्यांनी व्याज ४ लाख, १५ टक्क्यांनी घसारा ६ लाख आणि चालक, विमा, इंधन व दुरुस्ती मिळून ४ लाख. पहिल्या वर्षाचा भार १४ लाख. चालक व इंधनासह भाडे दिवसाला १४ हजार असेल, तर वर्षाला १०० दिवस काम मिळाल्यावर खरेदी भाड्याच्या बरोबरीस येते, नफा त्यापुढे.

छाटणीची गर्दी मात्र पावसाळ्यापूर्वीच्या काही आठवड्यांतच एकवटते. वृक्षतोडीस १९७५ च्या कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. तोवर यंत्र उभे राहते, हप्ता थांबत नाही.

म्हणून दोन हंगाम लिफ्ट भाड्याने आणून कामाच्या दिवसांची नोंद वहीत ठेवावी. शंभरी भरली, तरच कर्जाची पायरी चढावी.