पुस्तकात शिरलेला बास्टियन

‘द नेव्हरएंडिंग स्टोरी’ ही मिखाएल एण्डे (१९२९–१९९५) यांची कुमारांसाठीची अद्भुतरम्य कादंबरी १९७९ साली जर्मन भाषेत प्रसिद्ध झाली. इंग्रजी अनुवाद १९८३ साली आला. एखाद्या पुस्तकाने मूल झपाटून जाते तेव्हा त्याच्या मनात काय चालते, हाच या कादंबरीचा विषय आहे.

बास्टियन हा दहा-अकरा वर्षांचा लठ्ठ, बुजरा मुलगा. आई वारलेली, वडील त्या दुःखाने अबोल झालेले आणि वर्गातली मुले छळणारी. एका सकाळी त्या मुलांना चुकवताना तो कोरेआंडर नावाच्या म्हाताऱ्याच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात शिरतो. तिथले तांबूस रेशमी बांधणीचे एक पुस्तक त्याला इतकी भुरळ घालते की, ते चोरून तो शाळेच्या माळ्यावर लपतो. कसरतीच्या गाद्यांवर बसून, जुनी घोंगडी पांघरून वाचन सुरू होते. घड्याळाचे ठोके पडत राहतात, भूक लागते, अंधार झाल्यावर मेणबत्त्या पेटवाव्या लागतात. पण पुस्तक काही खाली ठेववत नाही.

त्या पुस्तकात कल्पनेचा एक प्रदेश आहे. ‘शून्य’ त्याला गिळत चालले आहे आणि तिथली बालसम्राज्ञी आजारी आहे. उपाय शोधायला आत्रेयू हा बास्टियनच्याच वयाचा शिकारी निघतो. मूळ आवृत्तीत बास्टियनच्या जगाचा मजकूर लाल शाईत आणि त्या अद्भुत प्रदेशाचा हिरव्या शाईत छापलेला आहे. प्रकरणे २६; त्यांची पहिली अक्षरे क्रमाने ए ते झेड. दोन जगांमधली सीमा अशी डोळ्यांना दिसते आणि मग एण्डे ती पुसायला लागतात. भयंकर प्रसंग वाचताना बास्टियन किंचाळतो, ती किंकाळी गोष्टीतल्या पात्रांना ऐकू जाते. पुढे आत्रेयूला जादूच्या आरशात वाचत बसलेला बास्टियन दिसतो. सम्राज्ञीला बरे करायला माणसाच्या मुलाने दिलेले नवे नाव हवे असते. नाव सुचूनही बास्टियन कचरतो; अखेर ते उच्चारतो आणि स्वतःच गोष्टीत जाऊन पोहोचतो. वाचणाऱ्यावाचून गोष्ट जगत नाही, हे पूर्वार्धाचे सांगणे.

वोल्फगांग पीटरसन यांनी १९८४ साली काढलेला चित्रपट साधारण इथवरच येतो. एण्डे यांना तो मुळीच पसंत पडला नाही. कादंबरीचे खरे बळ उत्तरार्धात आहे. गोष्टीत बास्टियन देखणा, शूर, बलवान होतो. मनात येईल ते घडते. मात्र प्रत्येक इच्छेपोटी त्याच्या खऱ्या आयुष्याची एकेक आठवण पुसली जाते. वाटेत त्याला एक शहर लागते. सगळ्या आठवणी गमावून परतीची वाट कायमची हरवलेली माणसे तिथे राहतात. कल्पनेत रमणे आणि तिच्यात हरवून जाणे यांतला फरक मुलांना उमजेल अशा रीतीने एण्डे यांनी इथे मांडला आहे. त्यासाठी त्यांनी उपदेश केलेला नाही.

आत्रेयूच्या मैत्रीमुळे बास्टियन परततो. त्याची सगळी हकिगत ऐकून वडिलांच्या डोळ्यांत पाणी येते आणि बापलेकांमधला अबोला सुटतो. मग तो कोरेआंडरकडे जाऊन चोरी कबूल करतो. आपणही त्या प्रदेशात जाऊन आलो आहोत, असे म्हातारा सांगतो. तिथे नेणारी पुस्तके आणखीही आहेत, हेही त्याच्याकडूनच बास्टियनला कळते.