परीक्षा ॲपची, शेतकऱ्याची नव्हे

नवी पाभर घेतली की फणातून बी सारखे पडते किंवा नाही, हे रानातच पाहावे लागते. मोबाईलवरील ॲप हेही आता शेतीचे एक अवजारच झाले आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकरी आपल्या पिकाची नोंद मोबाईलवरून स्वतः करू लागले. अशी साधने तयार करणारे तज्ज्ञ बहुधा शहरात असतात. ते व्हिडिओ कॉलवरून शेतकऱ्यास ॲप वापरावयास सांगतात व त्याच्या फोनचा पडदा दुरून पाहतात. या दूरस्थ चाचणीचे यश ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने करून घेतलेल्या पूर्वतयारीवर अवलंबून असते.

पहिली तयारी मनाची होय. साहेब पाहत आहेत या जाणिवेने शेतकरी बिचकतो आणि “सगळे ठीक आहे” असे सांगून मोकळा होतो. दोष मात्र तसाच राहतो. पुढे ऐन हंगामात असंख्य शेतकऱ्यांची नोंद तेथेच अडते. म्हणून कार्यकर्त्याने आदल्या दिवशी घरी जाऊन समजावून द्यावे की, परीक्षा ॲपची आहे, तुमची नव्हे. जेथे अडाल तेच तज्ज्ञांना पाहावयाचे आहे. काम करताना मनात येईल ते मोठ्याने बोलावे. हा सराव गजर लावण्यासारख्या साध्या कामावर करून घ्यावा. तपासावयाचे ॲप मात्र आधी शिकवू नये. शिकविले की दोष झाकला जातो.

दुसरी तयारी साधनांची. फोन पूर्ण चार्ज करावा, डेटा शिल्लक आहे का ते पाहावे आणि जेथे रेंज मिळते ती जागा आदल्या दिवशी त्याच वेळी कॉल लावून निश्चित करावी. धारा काढण्याची किंवा शेतीपंपाच्या विजेच्या पाळीची वेळ टाळावी.

तिसरी तयारी सुरक्षिततेची. पडदा दाखविताना बँकेचे संदेश व ओटीपीही समोरच्यास दिसू शकतात. म्हणून सूचना बंद ठेवाव्यात व पैशांचे ॲप उघडू नये. पिन किंवा ओटीपी मागणाऱ्याचा कॉल तत्काळ बंद करावा. चित्रण होणार असल्यास त्याचा उपयोग आधी सांगून संमती घ्यावी. नकार देण्याचा किंवा मध्येच थांबण्याचा शेतकऱ्यास पूर्ण अधिकार आहे.

प्रत्यक्ष चाचणीच्या वेळी कार्यकर्त्याने थोडे दूर बसावे. बटण दाखविण्याचा मोह आवरावा. घरातील बाई चाचणी देत असेल, तर तिच्या वतीने इतरांनी उत्तरे देऊ नयेत. ती अडली व “हे काही कळत नाही” असे निःसंकोचपणे म्हणाली, तर चाचणी सफल झाली असे समजावे.